नसलेला आंबा

मे महिन्यातल्या एका दुपारी नेरूळच्या आमच्या घरात ओट्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी येऊन बसल्या. एक देवगडहून आलेली हापूसची पेटी आणि दुसरी भाच्याच्या बॅगेतून निघालेली बिअर. आंबे पेंढ्यात होते, बिअरचे चार डबे लोकरी मोज्यांत. मोज्यांच्या मधे बर्फाच्या पिशव्या कोंबल्या होत्या, त्यांचं बॉस्टनपासून इथवर येताना पाणी झालं होतं. "एक डबा ४७३ मिलिलिटरचा. चार म्हणजे दोन लिटरच्या आत. कायद्यात बसतं," मी काही न विचारताच भाच्यानं खुलासा केला. मग त्यानं डबे फ्रिजमध्ये आंबेहळदीच्या लोणच्याच्या बरणीला टेकवून उभे केले आणि म्हणाला, "मावशी, संध्याकाळी उघडू. पण एक अट आहे. लगेच प्यायची नाही. आधी वास घ्यायचा."

मला हसू आलं. पन्नास वर्षांपूर्वी हीच अट मला त्याच्या आजोबांनी घातली होती. तेव्हा हातात आंबा होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, क्रॉफर्ड मार्केटात आंब्याच्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. नव्वदच्या दशकात फळबाजार वाशीला हलला, पेढी तुर्भ्याच्या गाळ्यात आली आणि पेढीच्या मागोमाग आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. अण्णांचं काम चोपडीचं, पण ओळख नाकाची. हंगामात पहाटे कोकणातून ट्रक यायचे, माथाडी पेट्या उतरवायचे, रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरायचे. भाव अडला की कुणीतरी हाक मारायचं, "अण्णा, जरा नाक लावा." अण्णा चोपडी मिटून उठायचे. आंबा दाबायचे नाहीत. दाबणाऱ्यांचा त्यांना राग होता. देठाशी नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "चीक बोलतोय अजून. चार दिवस थांबा." किंवा, "हा बोलायला लागलाय." किंवा, "याचं बोलून झालंय, आजच काढा."

घरी पलंगाखाली आढी लागायची. मी आणि धाकटी बहीण पालथ्या पडून आत डोकं घालायचो. अण्णा एक फळ हातात द्यायचे आणि विचारायचे, "कसा आहे वास?" "छान" हे उत्तर चालायचं नाही. "छान हे तुझं मत झालं. वास सांग. कशासारखा?" मग शोधाशोध सुरू व्हायची. ओल्या पेंढ्यासारखा. उन्हात तापलेल्या फळीसारखा. दुधात केशर घातल्यासारखा. एकदा एका कच्च्या फळाच्या देठाशी नाक नेऊन मी म्हटलं, "रॉकेलसारखा," आणि आता टपली बसणार म्हणून मान खाली घातली. अण्णा खूश झाले. "बरोबर. चिकाला रॉकेलचाच वास असतो. लोक सांगायला लाजतात."

तर, संध्याकाळ. बाहेर पाम बीच रस्त्यावर गाड्यांची रांग, पलीकडे ओहोटी लागलेली खाडी. भाच्यानं डबा काढला. हेडी टॉपर हे त्या बिअरचं नाव. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वॉटरबरी नावाचं गाव आहे, तिथे जॉन आणि जेन किमिक या जोडप्यानं २००३ साली 'द अल्केमिस्ट' नावाचा छोटा पब काढला, त्या पबात ही जन्मली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब बुडाला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या नव्या कारखान्यातून या बिअरचे पहिले डबे बाहेर पडले. डब्यावर ठळक अक्षरांत सूचना आहे की डब्यातूनच प्या. ग्लासात ओतली की वास उडून जातो, असं किमिकचं म्हणणं. मी म्हटलं, "अरे, पण डब्याच्या एवढ्याशा भोकातून मी वास घेऊ कशी?" भाच्यानं क्षणभर विचार केला. एका बाजूला किमिक, दुसऱ्या बाजूला मावशी. त्यानं दोन ग्लास काढले.

ओतली तर गढूळ! आमरसात पाहुणे वाढल्यावर पाणी घालतात ना, त्या रंगाची. वर पांढरा दाट फेस. मला बिअर म्हटल्यावर आठवते ती लग्नाच्या हॉलमागच्या अंधारात पुरुषमंडळींच्या हातातली, नितळ, सोनेरी. "ही नासली नाही ना रे?" मी विचारलं. नासलेली नाही, ती तशीच करतात. धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तरंगत राहतात. गाळून ती काढता येतात, पण त्यांच्याबरोबर वासही निघून जातो. म्हणून गाळतच नाहीत. अशा धुरकट बिअरला 'हेझी' म्हणतात. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशननं २०१८ साली या तऱ्हेला आपल्या यादीत स्वतंत्र जागा दिली. तोवर परीक्षकांपुढे ठेवली की गढूळपणाचा दोष पदरी पडायचा.

मी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

आंबा. अगदी समोर, दारात उभा असल्यासारखा. पिकलेला, पण फार नाही; आढीतून एक दिवस आधी काढलेला. त्याच्या मागे पपनस, गणपतीत आजोळी सोलायचो तसलं, गुलाबी. मग संत्र्याची साल मेणबत्तीवर पिळली की जो उडतो तो झणका. तळाशी आणखी काहीतरी होतं, ओळखीचं, पण नाव घेऊन समोर येईना.

"यात आंबा किती घालतात?" मी विचारलं.

"शून्य," भाचा म्हणाला. याच प्रश्नाची तो वाट पाहत होता.

पाणी, मोड आणून भाजलेली बार्ली, हॉप्स आणि यीस्ट. एवढंच. हॉप्स ही एका वेलीची मादी फुलं, हिरव्या खवल्यांच्या छोट्या कणसांसारखी. वेल भांगेच्या कुळातली, त्यामुळे त्या फुलांच्या चिकट पिवळ्या भुकटीत मती गुंगवणारं काही नसलं तरी वासात भाऊबंदकी दिसते. ही फुलं बार्लीच्या रसात तासभर उकळली की कडू होतात. त्यांतली आम्लं उकळताना रूप बदलतात, आणि बिअरचा कडवटपणा तो हाच. पण उकळण्यात सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. म्हणून हेझी करणारे फुलांचा मोठा भाग रस निवल्यावर, आंबत असताना किंवा आंबल्यानंतर टाकतात. कडूपणा जेमतेम उतरतो, वास सगळा उतरतो. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. कढीपत्ता फोडणीत करपवला तर काय होतं आणि कोथिंबीर शेवटी का भुरभुरायची, हे मला ठाऊक आहे.

"त्या तेलात मायर्सीन नावाचं एक द्रव्य असतं," भाचा पुढे सांगत होता. "आंब्यातही ते असतं. देठाच्या चिकात तर खूप." मी उठले. फ्रिजमधून आंबेहळदीची बरणी काढली, लिंबात मुरलेली एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली. "हुंग." त्यानं हुंगली. पुन्हा ग्लास हुंगला. मग मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि माझ्याकडे बघत राहिला. आंबेहळदीच्या तेलातही मुख्य भरणा मायर्सीनचाच.

एकट्या मायर्सीनवर सगळं श्रेय ढकलणं बरोबर नाही. यीस्टही फळांचे वास तयार करतं, हॉप्समध्ये गंधकाची काही संयुगं कणभर असतात आणि तशीच पपनसाच्या जातभाईंमध्येही सापडतात. हापूसच्या वासातली द्रव्यं वेगळी काढण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवली आहेत. तिथे यादी डझनांनी मोजावी लागते. पण मला कौतुक वाटलं ते कुठल्यातरी जुन्या बाईचं. तिनं जमिनीतून एक कंद उपटला, दिसायला आल्यासारखा, आत फिकट पिवळा. नाकाशी नेला आणि म्हणाली, ही आंबेहळद. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. आंबा आणि हळद यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही, हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हता. नाकानं सांगितलं ते तिनं ठेवलं. मावळातल्या तिच्या बहिणीनं तांदळाला आंबेमोहोर म्हटलं. आमच्या भाषेत नसलेला आंबा अशा दोन-तीन ठिकाणी आधीपासूनच ठेवलेला आहे. या ग्लासात तो सापडला तर मी का चकित व्हावं?

चकित व्हायचंच असेल तर डब्यामागच्या दुसऱ्या नावानं व्हावं. या बिअरची जात डबल इंडिया पेल एल. हिच्यात इंडिया कुठे आहे?

गोष्ट अशी सांगतात की भारतातल्या गोऱ्या साहेबांसाठी इंग्लंडहून बिअर यायची. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी पोचायचं, तोवर बिअर आंबायची. म्हणून कुणा हुशार माणसानं भरपूर हॉप्स घालून टिकाऊ बिअर शोधली. गोष्ट सुबक आहे, त्यामुळे खरी कमी आहे. फिकट रंगाची, जास्त हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती. पूर्व लंडनमधला हॉजसन नावाचा कारखानदार ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होता आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. कप्तान ती बिअर स्वतःच्या धंद्यासाठी इकडे आणायचे. प्रवासात पिंपं हिंदकळायची, तापायची, आणि उतरायची तेव्हा बिअर अशी मुरलेली असायची की साहेब खूश. पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑल्सपनं हॉजसनच्या पोटावर पाय दिला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम जास्त, त्यात ती आणखी खुलली. साध्या सोजिरांना मात्र यातलं फारसं मिळायचं नाही, त्यांच्या वाट्याला काळी पोर्टर. आणि 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापून आलेलं सापडतं ते १८२९ साली, सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. मुंबई नाही, कलकत्ता नाही, थेट ऑस्ट्रेलिया. म्हणजे आमचं नाव तिथे चवीसाठी आलेलंच नव्हतं. माल कुठे खपतो ते सांगणारी ती चिठ्ठी होती, पेटीवर लिहितात तशी.

आमच्याकडून एक नाव मात्र खरंच तिकडे गेलं. नाशिकजवळच्या देवळालीला गोऱ्या फौजेचा तळ होता. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे, उन्हानं आणि रिकामपणानं भ्रमिष्ट व्हायचे. त्याला ते 'डुलॅली टॅप' म्हणायचे. डुलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत वेडसर माणसाला आजही डुलॅली म्हणतात. २००९ साली पुण्यात एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली, देशातल्या पहिल्या काहींपैकी, तिनं हेच नाव घेतलं. कितीतरी वर्षांनी शब्द घरी आला तेव्हा ताप उतरला होता आणि टॅपचा अर्थ बिअरचा नळ झाला होता.

मला अजून पहिला घोट घ्यायचा होता. घेतला नव्हता, कारण मधे अण्णा आले. अण्णा माळकरी. घरात दारूचं नाव निघायचं नाही. राज्याचाही तोच बाणा: १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायची तर परवाना काढायचा, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात, आणि परवान्याची भाषा अशी की हा इसम प्रकृती राखण्यासाठी मद्य घेतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बाहेर पाटी 'परमिट रूम', आत काळ्या काचा. औषध म्हणून घ्यायची वस्तू माणूस नाक धरून एका दमात घेतो. तिची चव कोण बघणार?

मराठीत दारूला क्रियापदं रग्गड आहेत. बसणं, घेणं, लावणं, मारणं, टाकणं. मग चढणं, आणि दुसऱ्या दिवशी उतरणं. विशेषणं शोधायला गेलं तर कडक आणि हलकी, संपलं. आंब्याला मात्र आम्ही किती जपलंय! रायवळ, पायरी, आंबट-चिंबट, शेपूसारखा, खोबऱ्या, साका धरलेला, बाठ्याशी आंबट. ज्याच्याकडे उघड्या दारात बसून बघितलं, त्याला शब्द मिळाले. ज्याच्याकडे काळ्या काचेआड गेलो, त्याची फक्त कृती उरली.

घोट घेतला. जिभेवर आधी मऊपणा आला, ताकाच्या निवळीपेक्षा दाट, पेजेसारखा. गोडी आहेसं वाटलं, पण ती नाकानं केलेली फसवणूक. जिभेवर साखर जवळजवळ नव्हती. मग आंबा मागे सरला आणि कडूपणा हळूच पुढे आला, कारल्याचा नव्हे, संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्याचा. गिळल्यावर घशात ऊब. आठ टक्के अल्कोहोल. आपल्याकडे बिअरची कायदेशीर कमाल मर्यादाही तेवढीच. डबल म्हणजे हॉप्स आणि धान्य दोन्ही वाढवलेलं; १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी विनी सिलुर्झो या ब्रुअरनं हॉप्सचं प्रमाण सरळ दुप्पट केलं, तिथून हा प्रकार सुरू झाला असं मानतात. फळांच्या वासामागे हा जोर लपतो, हीच या बिअरची लबाडी. भाच्यानं एक डबा दोघांत केला होता, आणि ते अगदी बरोबर होतं. अर्ध्या ग्लासानंतर माझे कान गरम झाले.

"यातलं यीस्ट किमिकला त्याच्या गुरूकडून मिळालं," तो सांगत होता. ग्रेग नूनन, बर्लिंग्टनच्या व्हरमाँट पब अँड ब्रुअरीचा संस्थापक. किमिक त्याच्या हाताखाली शिकला, आणि गुरूच्या यीस्टवर त्यानं स्वतःची बिअर उभी केली. मी म्हटलं, "म्हणजे विरजण." आमच्या घरचं विरजण क्रॉफर्ड मार्केटच्या चाळीतून वाशीला आलं ते आईनं स्टीलच्या डब्यात, मांडीवर धरून.

अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं नाक गेलं. वयानं जातं, डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. हंगामात पहिली पेटी आली की ते फळ हातात घ्यायचे, देठाशी नाक न्यायचे, डोळे मिटायचे. बराच वेळ. मग फळ माझ्या हातात देऊन म्हणायचे, "तू सांग." मी सांगायची. ओला पेंढा, तापलेली फळी. ते मान हलवायचे, कधी दुरुस्ती करायचे, "फळी नव्हे, फळी मागच्या आठवड्यात असेल. आता मध असायला हवा." मी पुन्हा वास घ्यायची, आणि मध असायचा. वास येत नसलेल्या माणसाला तो माझ्याआधी कळायचा. त्यांच्याकडे नाक उरलं नव्हतं, शब्द उरले होते, आणि त्यांच्यावर ते अख्खा हंगाम काढायचे.

मी बिअर पितेय हे पाहून अण्णा रागावले असते. माळेला हात लावून खोलीबाहेर गेले असते. आणि पाच मिनिटांनी दारातूनच, माझ्याकडे न बघता, विचारलं असतं, "कशासारखा आहे?"

भाच्याकडे एक वही आहे. बॉस्टनला तो स्वतःच्या घरी छोट्या पिंपात बिअर करतो आणि चाखलेल्या प्रत्येक बिअरची नोंद ठेवतो. त्यानं पान माझ्यापुढे सरकवलं. सिट्रस, मँगो, पाइन, रेझिन. "पाइनचं झाड मी आयुष्यात हुंगलेलं नाही," मी म्हटलं.

"मग तुला तिथे काय येतं? शेवटी, तळाशी?"

ग्लासात दोन घोट उरले होते आणि ते आता थंड नव्हते. मी पुन्हा नाक नेलं. आंबा विरळ झाला होता, पपनस गेलं होतं, आणि मघापासून नाव न सांगणारं ते आता एकटंच उभं होतं. मी पेटीच्या तळातून सगळ्यात टणक, हिरवं फळ काढलं, देठ मोडला आणि त्याच्यापुढे धरलं. देठाच्या जागी पाण्यासारखा एक थेंब फुगून आला.

त्यानं फळ हुंगलं, मग ग्लास, मग पुन्हा फळ. "रॉकेल," तो हळूच म्हणाला, आणि मी काय म्हणते म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"चीक," मी म्हटलं. "सांगायला लाजायचं नाही."

त्यानं रेझिनच्या पुढे देवनागरीत लिहिलं. बऱ्याच वर्षांनी लिहीत असावा. 'चिक' लिहिलं, ऱ्हस्व. अण्णांच्या चोपडीत हे खपलं नसतं. मी काही बोलले नाही. त्यानं खाली तारीख घातली, उरलेल्या तीन डब्यांपैकी एक पुन्हा मोज्यात गुंडाळला आणि आत ठेवला, पुण्याला आईसाठी. आढीत डोकं घालायला ती माझ्या शेजारी असायची, आणि तिचं नाक माझ्याहून चांगलं आहे.